जैसलमेरला दीड दिवस पुरत नाही

किल्ला, हवेल्या आणि सम गावाजवळच्या वाळूवरचा सूर्यास्त एवढ्यासाठी दीड दिवस पुरेसा आहे, हे जैसलमेरच्या सहलीवरील लेखातील मत मला पटले नाही. जैसलमेरभोवतीचे वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या नव्हेत. त्यात खडकाळ माळ आहेत, सेवण गवताची कुरणे आहेत आणि पालीवाल ब्राह्मणांनी बांधलेली ‘खडीन’ नावाची बांधबंदिस्त शेतेही आहेत. उतारावरून वाहत येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरले की त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, ही शेतीची पद्धत वर्षाकाठी जेमतेम काही इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशात शतकानुशतके टिकली, याचे मला फार अप्रूप वाटते.

बाडमेर रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे जुरासिक काळातील वृक्षांचे अश्मीभूत बुंधे आहेत. जाळीआडच्या एका तांबूस ओंडक्यावर सालीच्या रेषा इतक्या स्पष्ट होत्या की तो दगड आहे यावर विश्वास बसेना. एके काळी येथे दमट जंगल होते, याचा तो पुरावा.

आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरून जवळपास नाहीसा झालेला माळढोक आता मुख्यतः याच परिसरात उरला आहे. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि समोरचे नीट न दिसल्याने हे जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात. अंडी अशी उघड्यावर असल्याने पर्यटकांनी वाट सोडून कुरणात जीप घालण्याचा आग्रह कृपया धरू नये. आमच्या चालकाने तसे सुचवले तेव्हा आम्ही स्पष्ट नकार दिला.