कुलमंडळ काढताय? वा!

एका आडनावाची सगळी घरं एका मंडळात आणायची, विचार उत्तम आहे. सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलणं नसलं की माणसाला सातव्या पिढीतल्या चुलत भावाची ओढ लागते, त्यात लाजायचं काही नाही. सख्ख्याशी भांडायला विहीर असते, मागची पडवी असते, आंब्याची चार कलमं असतात. लांबच्याशी आपलं सामाईक असतं ते फक्त आडनाव, आणि आडनावाची सरकारी मोजणी आणावी लागत नाही.

तर सुरुवात मूळ पुरुषापासून करा. हा एकटाच येतो. घाट उतरून की चढून, ते तुमच्या गावावर अवलंबून. त्याला आई नसते, बायको असलीच तर तिला नाव नसतं, तरीही पुढे वंश चालतो. त्याला एक सनद मिळालेली असते, ती मोडी लिपीत असते आणि ती जळालेली असते. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत कित्येक घरांची दप्तरं खरोखरच गेली. तेव्हापासून ज्यांच्याकडे कधी नव्हतीच, त्यांचीही त्यातच गेली.

कुणी खवट पुतण्या पुरावा मागेलच. त्याला त्र्यंबकेश्वरी न्या. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांत खापरपणजोबा सहीनिशी सापडू शकतात. फक्त ते तिथे नारायण-नागबळीसाठी आले होते हे निघालं, तर कुलवृत्तांतात, म्हणजे मंडळाने छापलेल्या घराण्याच्या इतिहासात, ‘सहकुटुंब तीर्थयात्रा केली’ एवढंच छापा. नाग कुणी मारला, मूल कुणाला होत नव्हतं, या चौकशा पुढच्या आवृत्तीसाठी ठेवाव्यात. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर हेळवी बैल घेऊन दारात येतो आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्याला धान्य द्या, चहा द्या, पण फार वेळ बसवू नका. तो गाळत काही नाही.

कोकणातले असाल तर ‘कुळ’ हा शब्दच जरा जपून. तिकडे कुळं दोन: एक आपण ज्यातले, आणि दुसरं ज्याने आपली जमीन कसली. १९४८ चा कुळकायदा झाला, मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला. माझे एक काका ती तारीख अजून गंमत म्हणूनच धरून आहेत. आज ना उद्या सरकार ‘फसवलं!’ म्हणेल, अशी त्यांना आशा आहे. वृत्तांतात मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘उदार अंतःकरणाने जमिनीवरील हक्क सोडला.’

मंडळ झालं की व्हॉट्सॲपचा ग्रुप आलाच. इथे सावध करतो. शास्त्राप्रमाणे सात पिढ्यांच्या आत दहा दिवस सुतक, त्यापुढे तीन. पूर्वी कोण गेलं हे कळायला पोस्टकार्ड लागायचं, आणि ते बहुधा तेराव्यानंतर पोचायचं. पोस्टखात्याचे हे उपकार आपण कधी मानले नाहीत. आता तीनशे सभासदांच्या ग्रुपवर दर पंधरवड्याला कुणीतरी जातंच. आमच्याकडे एका वर्षी गणपती आणायला सुतकामधली फट शोधावी लागली. शेवटी सर्वानुमते ठरलं, की निळी खूण दिसेपर्यंत सुतक लागत नाही.

संमेलन कुलस्वामिनीच्या देवळात घ्या. बिल्ले, शाल-श्रीफळ, दहावीतले गुणवंत, खजिनदारांचं लांबलेलं निवेदन, हे आपोआप होतं. जेवण चांगलं ठेवा, बाकी कुणाच्या काही लक्षात राहत नाही.

खरी कसोटी छापील वृत्तांताची. माहितीचा अर्ज आटोपशीर असू द्या. बायकांसाठी फार रकाने ठेवलेत तर पानं वाढतात आणि कागद महाग आहे. आमच्या वृत्तांतात पणजोबांच्या नावाखाली ओळ आहे: ‘भार्या (१) रमा (२) रमा (३) रमा.’ मला वाटलं छपाईची चूक. संपादककाकांना फोन केला, तर म्हणाले, “चूक नाही रे. पहिली गेली, दुसरी आणली, तिचंही तेच ठेवलं. घरात हाक मारायची सवय झालेली असते ना!” तिघींची माहेरची नावं विचारली, तर तो रकानाच नव्हता. पणजोबांचा घोडा मात्र पुढच्या ओळीत आहे, रंगासकट.

मुलींचं आणखी सोपं. ‘कन्या दोन, विवाहित.’ पूर्णविराम. माझ्या थोरल्या आत्याच्या नावापुढे तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलंय. आत्या पुण्यात राहते, संपादककाकांपासून चार बस स्टॉप. तिने लग्न जातीबाहेर केलं, एवढीच तिची माहिती उपलब्ध नाही.

पण म्हणून मंडळाच्या शोधकार्याला नावं ठेवू नका. परवा आमच्या गावची जमीन रस्ता-रुंदीकरणात गेली आणि मोबदल्यासाठी सगळे वारस लावायची वेळ आली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, हे संपादककाकांना कायदा झाल्यापासून ठाऊक होतं. तो विषय त्यांनी नुसता काढला नव्हता, इतकंच. आठ दिवसांत त्यांनी तीन पिढ्यांतल्या सगळ्या लेकी शोधल्या. इंदूरची सापडली, बडोद्याची सापडली, न्यू जर्सीतलीचा तर फ्लॅट नंबरसुद्धा मिळाला. प्रत्येकीला हक्कसोडपत्राचा मसुदा गेला, सोबत साडी आणि वृत्तांताची एकेक प्रत, सप्रेम भेट. आजवर कुठल्याच लेकीला ती फुकट मिळाली नव्हती.

आत्याने साडी ठेवून घेतली, वृत्तांत चाळला आणि मसुदा त्याच पाकिटातून परत पाठवला. सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘माहिती उपलब्ध नाही.’