‘मास्टर स्ट्राइक शिका, बाकी विसरा’ हा सल्ला कुठे फसतो

किंगडम कम: डिलिव्हरन्स हा मध्ययुगीन तलवारबाजीचा व्हिडिओ गेम खेळायला घेतला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक सल्ला हातात ठेवतं. तो साधारण असा: लढाईचं कौशल्य वगैरे या गेममध्ये काही नाही. राटाय या गावात पोहोचा, तिथल्या कॅप्टन बर्नार्डकडून मास्टर स्ट्राइक (वार अडवून लगेच उलटा वार) शिका, पडद्यावर हिरव्या ढालीचं चिन्ह दिसलं की ब्लॉकचं, म्हणजे वार अडवायचं, बटण दाबा. कॉम्बो, म्हणजे ठरावीक वारांची साखळी, निरुपयोगी. हत्यार घ्यायचं तर लांब तलवार, चिलखत मिळेल तितकं जड. तरी हरलात तर लेव्हल वाढवा. आणि हो, दुसऱ्या भागातही हेच चालतं.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. 2018 च्या पहिल्या भागात मास्टर स्ट्राइक अवाजवी ताकदवान आहे. वार कुठल्या दिशेने येतोय हे बघावं लागत नाही, तलवार असो, गदा असो वा कुऱ्हाड, ढाल चमकताच बटण दाबलं की गेमचा नायक हेन्री वार अडवून आपोआप उलटा वार करतो. समोर एकच माणूस असेल तर बहुतेक लढाया एवढ्यावर निभावतात. गोची ‘बाकी विसरा’ या भागात आहे.

‘ढाल दिसली की बटण दाबा’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण नवखे खेळाडू इथेच मार खातात, कारण ते बटण आधीपासून दाबूनच ठेवतात. तसं केलं की होतो तो साधा ब्लॉक. मास्टर स्ट्राइक ज्यातून निघतो त्या परफेक्ट ब्लॉकसाठी बटण त्या क्षणी नव्याने दाबलं जावं लागतं. साधा ब्लॉक प्रत्येक वाराला स्टॅमिना, म्हणजे दमाची पट्टी, खातो, आणि ब्लॉक धरून ठेवलेला असताना स्टॅमिना भरतोही हळू. चार-पाच वार असे झेलले की पट्टी रिकामी होते आणि पुढचा वार थेट जिवावर बसतो. त्यामुळे बोट बटणावर असावं, पण दाबलेलं नसावं. सरावाला राटायच्या वरच्या वेशीबाहेरचं बर्नार्डचं मैदान उत्तम. लाकडी तलवारी घेऊन एक अख्खी लढत फक्त बचाव करा, एकही वार करू नका. नजर ढालीच्या चिन्हावर खिळवण्याऐवजी समोरच्याच्या खांद्यावर ठेवा. खांदा आधी हलतो, चिन्ह नंतर येतं. भोसक, म्हणजे टोकाने खुपसलेला वार, तुलनेने झटकन येते, डोक्यावरचा वार उशिरा, हा फरक हाताला तिथेच कळतो.

दुसरी अडचण अशी की समोरचाही मास्टर स्ट्राइक करतो. डाकूंच्या टोळीतला फाटका माणूस क्वचित करेल, पण तयारीचा सैनिक किंवा सरदार तुमचा पहिला वार अलगद अडवतो आणि तुमच्याच तोंडावर उलटवतो. मग सल्ला मानणारे काय करतात? वाट बघतात. समोरचाही वाट बघतो. दोघं एकमेकांभोवती गिरक्या घेत राहतात आणि लोक म्हणतात, लढाई कंटाळवाणी आहे! कंटाळवाणी तुम्ही केलीत.

ही कोंडी फोडायची तर अंतर वापरायला हवं. त्याच्या हत्याराच्या टप्प्यात एक पाऊल जा आणि लगेच बाहेर या. बरेच शत्रू या हुलीला फसून वार करतात. तो अडवलात तर उत्तम, बाजूला सरकून चुकवलात तरी चालेल, कारण दोन्ही प्रसंगी पुढचा क्षण तुमचा असतो. अगदी अंगाला भिडलात तर क्लिंच होतो, म्हणजे दोघांची हत्यारं अडकून ढकलाढकली. तिथे ताकद जास्त असलेल्याचं पारडं जड. जिंकताच तो मागे कोलमडतो, आणि त्याच क्षणी डोक्यावर वार टाकायचा. क्लिंच जिंकून नुसतं बघत उभं राहणं ही फार सर्रास दिसणारी चूक.

आता स्टॅमिनाकडे येऊ, कारण त्या सल्ल्यात त्याचा उल्लेखच नाही आणि खरी लढाई तिथेच चालते. वार करायला स्टॅमिना लागतो, साधा ब्लॉक करायला लागतो, धावायला लागतो. अंगावर वार बसला तरी पट्टीत काही शिल्लक असेल तर धक्क्याचा काही भाग तिथे जिरतो. पट्टी रिकामी असेल तर सगळं थेट तब्येतीवर. त्यात तब्येत खाली गेली की स्टॅमिनाची कमाल मर्यादाही खाली येते. म्हणजे एक वाईट देवाणघेवाण पुढच्या दोन वाईट देवाणघेवाणींची सोय करून ठेवते. लढतीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बटणं बडवणारा माणूस नंतर का कोसळतो, त्याचं कारण हे.

जवळून बघा. समोर कुऱ्हाडवाला, तुमची पट्टी भरलेली. तुम्ही सलग चार वार केलेत, त्याने तीन अडवले, एक खांद्याला लागला. तुमची पट्टी आता पाव उरली. तो फिरून वार करतो, तुम्ही घाईत ब्लॉक दाबता, वेळ चुकते, साधा ब्लॉक होतो, पट्टी शून्य. पुढचा वार मानेवर. हाच प्रसंग दुसऱ्या पद्धतीने: दोन वार, मग दोन पावलं मागे, बटण सोडलेलं, पट्टी भरतेय. तो पुढे येऊन वार करतो, तुम्ही तो नेमका अडवता, एक वार परत देता, पुन्हा मागे. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर पट्टी एक तृतीयांशाच्या खाली जाऊ द्यायची नाही. तेवढी उरली की वार थांबवा, चांगली संधी दिसत असली तरी.

कॉम्बोंबद्दल सल्ला अर्धा बरोबर आहे. ठरावीक दिशांचे वार ठरावीक क्रमाने मारायचे, शेवटचा वार जोरकस. मधला एक वार जरी परफेक्ट ब्लॉक झाला तरी साखळी तुटते, म्हणून निष्णात शत्रूवर ते चालवणं अवघडच. पण परफेक्ट ब्लॉक न येणाऱ्या किरकोळ डाकूंवर ते छान चालतात. दोन-तीन लहान कॉम्बो पाठ असले की पुरे.

‘लांब तलवारच घ्या’ यावर मात्र वाद घालायलाच हवा. गेममध्ये इजा तीन प्रकारची आहे: काप, भोसक आणि आघात. पत्र्याच्या चिलखतावर काप जवळजवळ वाया जातो. खणखणाट होतो, पण समोरच्याचं फारसं काही बिघडत नाही. कड्यांच्या चिलखतावर कापापेक्षा भोसक बरी. पत्र्यावर खरं काम करते गदा, कारण तिचा जोर आघातावर आहे. गदेचा टप्पा मात्र आखूड, म्हणून ती घेतल्यावर जवळ जाऊन लढावं लागतं. तलवार सोडायची नसेल तर चिलखत जिथे नाही तिथे मारा. गेम शरीराचा प्रत्येक भाग वेगळा मोजतो, आणि डाकूंपैकी कितीतरी जण छातीवर पत्रा चढवून तोंड उघडं ठेवतात. तिथे एक सरळ भोसक छातीवरच्या चार कापांपेक्षा जास्त काम करते. हत्यार घेताना त्याला लागणारी स्ट्रेंथ आणि अ‍ॅजिलिटीही बघा. गरजेपेक्षा तुमचे आकडे कमी असतील तर महागडी तलवारही बोथट सुरीसारखी वागते. खरोखरची बोथट झालेली तलवार सहाणेवर धार लावल्याशिवाय लढाईला नेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

जड चिलखताचंही तसंच. संरक्षण थरांमुळे मिळतं, नुसत्या वजनामुळे नाही. डोक्याला आधी कापडी टोपडं, वर कड्यांची टोपी, त्यावर शिरस्त्राण. अंगाला आधी शिवलेला जाड अंगरखा, मग कडी, मग पत्रा. आतला कापडी थर गाळून बाहेर भारी पत्रा घातला तर गदेचा मार झेपत नाही. तोंड झाकणारं शिरस्त्राण चेहरा वाचवतं, पण दृष्टी चिंचोळी फट होते आणि बाजूने येणारा दुसरा माणूस दिसतच नाही. एकट्याशी लढताना ते चालेल. टोळीसमोर उघड्या तोंडाचं शिरस्त्राण परवडतं.

टोळीसमोर तर मास्टर स्ट्राइकवाला सल्ला सरळ तोंडघशी पडतो. पाठीवर येणारा वार अडवता येत नाही, मग टायमिंग कितीही अचूक असो. तिघे असतील तर काम एकच: तिघेही समोर ठेवणं. सतत मागे सरका, एका कडेला झुकून, म्हणजे ते रांगेत येतात आणि पहिला उरलेल्यांच्या वाटेत उभा राहतो. दार, कुंपण, झाडांमधली अरुंद जागा, जे मिळेल ते पाठीशी घ्या. सगळ्यात हलक्या चिलखताचा माणूस आधी पाडा, सरदार शेवटी. आणि पळणं हा पर्याय आहे. घोडा जवळ असेल तर उत्तमच.

‘लेव्हल वाढवा’ हे चुकीचं नाही, अपुरं आहे. आकडे 20 पर्यंत जातात आणि त्यांचा फरक नक्की जाणवतो. पण वनस्पती खुडूनही ताकद वाढते: वनस्पतींच्या कौशल्यातलं लेग डे हे पर्क (कौशल्य वाढल्यावर निवडता येणारी खास सोय) घेतलं की प्रत्येक खुडणीला स्ट्रेंथ मिळते. रानभर वनस्पती खुडून पैलवान झालेला हेन्री तिघांच्या घेऱ्यात तरीही मरतो, कारण खेळाडू मागे सरकायला शिकलेला नसतो. बर्नार्डकडे घालवलेला वेळ आकडेही वाढवतो आणि हातही. त्यामुळे तोच मार्ग स्वस्त.

राहिला दुसरा भाग, फेब्रुवारी 2025 मधला. तिथे हा सल्ला सरळ चुकीचा आहे. मास्टर स्ट्राइक फक्त तलवारींनी होतो. गदा किंवा कुऱ्हाड घेतली तर तो विषयच नाही. तो बर्नार्ड नाही, भटक्यांच्या तळाजवळचा टॉमकॅट शिकवतो. शिकल्यावरही नुसता ब्लॉक दाबून होत नाही: हिरवी ढाल दिसताच वाराचं बटण दाबायचं, आणि त्या क्षणी तुमची दिशा शत्रूच्या दिशेच्या विरुद्ध असायला हवी. पहिल्या भागातल्या पाचऐवजी इथे दिशा चारच आहेत, म्हणून ते जमतं. पण पहिल्या भागाची सवय लागलेलं बोट आपसूक ब्लॉकवर जातं, मिळतो नुसता परफेक्ट ब्लॉक, आणि माणूस म्हणतो गेममध्ये बग आहे. उपाय असा की सुरुवातीला मास्टर स्ट्राइकच्या मागे लागूच नका. परफेक्ट ब्लॉक केल्यावर लगेच उलटा वार द्यायची सवय लावा, तो कुठल्याही हत्याराने जमतो. शत्रूची दिशा वाचायला जमू लागली की मग टॉमकॅटकडे जा.