‘दिवसभर खोकी बांधायला लावली’ या तक्रारीला माझं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी पार्सलं रवाना केली आणि उत्तर लिहायला बसले. दोनच तारे का दिलेत ते तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, ते बरं केलंत.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. वेंगुर्ल्यातल्या आमच्या ऑनलाइन विक्रीच्या दोन दिवसांच्या शिबिराला तुम्ही 3,000 रुपये भरलेत. पहिला अख्खा दिवस बाटल्या, खोकी आणि लेबलांत गेला, आणि जाहिरातींचा विषय मी अर्ध्या तासात उरकला. मी कोकम सरबत आणि आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) विकते. माझी वर्षाची विक्री विचारलीत तेव्हा मी 11 लाख सांगितली. महिन्याला तेवढं कमावणारे लोक यूट्यूबवर फुकट शिकवतात, मग या बाईंकडून का शिकायचं, असं तुम्ही विचारलंय.

जाहिरातींबद्दल तुमचं बरोबर आहे. पत्रकावर ‘ऑनलाइन विक्री, सुरुवातीपासून शेवटपर्यंत’ असं छापलं होतं. ते वाचून जाहिरातींचं सविस्तर शिकायला मिळेल असं कुणालाही वाटेल. माझी निम्म्याहून जास्त विक्री जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅपवर होते. जाहिरातीला महिन्याला दोन-तीन हजारांच्या वर मी कधी घातले नाहीत, त्यामुळे माझ्याकडे शिकवण्यासारखं तेवढंच होतं. हे आधी लिहायला हवं होतं, चूक माझी. पत्रक बदललंय आणि तुमचे निम्मे पैसे, 1,500 रुपये, आज परत पाठवलेत.

खोक्यांच्या बाबतीत मात्र मी माझ्या जागेवर ठाम आहे. का, ते सांगते.

2019 मध्ये मी सुरुवात केली तेव्हा मीही तुमच्यासारखाच हिशेब केला होता: ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे शिकायचं. मुंबईत एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं, फी 18,000. बांगड्या गहाण ठेवल्या नव्हत्या, पण आंब्याच्या हंगामातले साठवलेले पैसे होते ते. शिकवणाऱ्याने पडद्यावर आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट दाखवले. तो मोबाइलची कव्हरं विकायचा आणि तीही स्वतःच्या हाताने न पाठवता, दुसऱ्याच्या गोदामातून परस्पर. सांडणारी, आंबणारी, नासणारी वस्तू त्याने आयुष्यात पाठवली नव्हती. मी आगळाबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘प्रॉडक्ट कुठलंही असो, सिस्टिम एकच.’ जीएसटीचं विचारलं तर म्हणाला, वर्षाला चाळीस लाखांच्या विक्रीपर्यंत काळजी नको.

चाळीस लाखांची ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची. करपात्र माल परराज्यात विकायचा तर पहिल्या बाटलीपासून नोंदणी लागते. आमच्या वेंगुर्ल्याहून गोवा किती लांब? पण कोकम सरबताची एक बाटली बांद्याचा नाका ओलांडून गेली की ती परराज्यातली विक्री झाली. हे मला सावंतवाडीच्या एका कर सल्लागाराने पाचशे रुपयांत समजावलं. त्यांच्याकडे आधी गेले असते तर बरं झालं असतं.

माझ्या पहिल्या वीस आगळाच्या बाटल्यांपैकी सात गळाल्या. एक खोकं मुंबईहून परत आलं ते अजून ठेवलंय, तुम्ही पाहिलंत ते. तळ पूर्ण लाल, पुठ्ठा मऊ पडलेला, पत्त्यावरची शाई आगळात विरघळलेली, आणि शेजारच्या कुणाच्या तरी पार्सलालाही डाग लागला म्हणून तक्रार. ते खोकं घेऊन मी टपाल कार्यालयात रडवेली उभी होते. पार्सलाच्या खिडकीवरचे काका, आता निवृत्त झालेत, त्यांनी खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘गो बाय, बाटली भरल्यार कागदावर उपडी करून ठेय रातभर. सकाळी कागद सुको ऱ्हवलो तरच धाड.’ वर सांगितलं की खोक्यावर ‘नाजूक’ लिहून उपयोग नाही, पोतं फेकणारा माणूस वाचत बसत नाही. कंबरेइतक्या उंचीवरून खोकं तीनदा स्वतः टाकून बघ, एकदा कोपऱ्यावर. त्या दिवसापासून मी हेच करते. गेल्या वर्षी पाठवलेल्या बाटल्यांपैकी गळल्याच्या तक्रारी चार आल्या.

तुम्हाला पहिल्या दिवशी बाटली उपडी ठेवायला लावली ती या काकांची शिकवण. त्यांचा यूट्यूब चॅनेल नाही आणि महिन्याला लाख रुपये त्यांनी कधी पाहिले नसतील. पण हजारो पार्सलं कशी फुटतात ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि मला नेमकं तेच कळायला हवं होतं.

दुसरा माणूस आमच्या शेजारचे बागायतदार. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे आंबा वाशीला नेणं मुश्कील झालं, तेव्हा त्यांनी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थेट नोंदणी घ्यायला सुरुवात केली. मी त्यांच्या याद्या लिहायला बसायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पैसे घेण्याआधी कळवायचे: आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार असताना काढलाय, घरी पेंढ्यात ठेवून पिकवा, हापूसमध्ये साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) बाहेरून दिसत नाही, कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे वळते करू. मला वाटायचं, अशाने गिऱ्हाईक पळेल. ते पळालं तर नाहीच, आज सहा वर्षांनीही त्यातली बरीच घरं त्यांच्याकडूनच पेटी मागवतात. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, हे मी त्या याद्या लिहिता लिहिता शिकले.

आता आकड्यांचं. महिन्याला अकरा लाख म्हणून जो स्क्रीनशॉट दाखवतात तो बहुतेक वेळा आलेल्या ऑर्डरींचा असतो. त्यात माल, भाडं, जाहिरात, परत आलेली पार्सलं काहीच वजा केलेलं नसतं. माल घरी पोचल्यावर पैसे द्यायच्या (कॅश ऑन डिलिव्हरी) ऑर्डरीत गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर जाण्याचं भाडं आपलं आणि परत येण्याचंही बहुतेक वेळा आपल्याच माथी. मी फळ्यावर माझे 11 लाख लिहिले, त्यातून कोकम, बाटल्या, खोकी, भाडं, दोन बायकांची मजुरी, कर असं एकेक वजा केलं आणि खाली 2 लाख 30 हजार उरले तेही लिहिले. तो आकडा लहान आहे हे खरं. पण तो माझ्या वहीतला आहे आणि वही तुमच्यासमोर टेबलावर उघडी होती. शिकवण्यातून मला वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या आसपास मिळतात, तेही त्याच फळ्यावर होतं. ज्याच्या कमाईचा मोठा वाटा शिबिरांच्या फीचा असतो, त्याचा खरा धंदा शिबिरांचा. त्याच्याकडून शिबिर कसं विकायचं ते उत्तम शिकता येईल.

म्हणून कुणालाही पैसे भरण्याआधी, आणि यात मीही आले, एवढं जरूर विचारा: तुम्ही हीच वस्तू आजही विकता का? तुमचं परत आलेलं खोकं दाखवाल का? तुमच्याकडे शिकलेल्या दोन माणसांशी, ज्यांचं जमलं नाही अशाही एकाशी, बोलता येईल का? माझ्याकडची अशी दोघं आहेत. त्यांना विचारून नंबर देईन.

तुम्ही लिहिलंय की घरची कलमं आहेत आणि आंब्याबरोबर काजूगरही विकायचेत. आंब्यासाठी त्या बागायतदारांकडे या, मी गाठ घालून देते. काजूगर मी कधी विकलेले नाहीत, त्यामुळे त्यासाठी माझ्याकडे येऊ नका. वेंगुर्ल्यातच कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती तिथल्याच. झाडांचं आणि बियांचं तिथे विचारा. आणि गर पावसाळ्यात मऊ न पडता पाठवणारा कुणी प्रक्रिया उद्योगवाला गाठा, त्याच्याकडे पंधरा दिवस हाताखाली राहायची तयारी ठेवा. जाहिराती शिकायच्या असतील तर रोज खायची वस्तू जाहिरातीवर विकणारा माणूस शोधा.

आणि एक निरोप. शिबिरात प्रत्येकाने बांधलेलं खोकं मी चाचणीसाठी पुण्याला बहिणीकडे पाठवते. तुमचं काल पोचलं. एक कोपरा दबलाय, बाटली शाबूत, आतला कागद कोरडा. फोटो तुमच्या नंबरवर पाठवलाय.