ग्लुकोजच्या पाण्याने किडनी सुधारत नाही

‘किडनी अचानक फेल झाली? पेशींची बॅटरी चार्ज करा!’ हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला. ग्लुकोजचं पाणी आणि बी३ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, प्रोटीन बंद करा, भरपूर पाणी आणि फळांचा रस प्या, असे उपाय त्यात आहेत. तिने विचारलं, ‘हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर काकांना हे देऊ का?’ नाही. यातलं काहीही द्यायचं नाही.

पहिला उपाय ग्लुकोजचं पाणी, ‘पेशींना एनर्जी मिळावी म्हणून’. ॲक्यूट किडनी इन्जुरीत, म्हणजे किडनीला अचानक झालेल्या इजेत, सगळ्यात जास्त मार बसतो तो प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या (किडनीतल्या गाळणीला लागून असलेल्या बारीक नळीच्या) पेशींना, आणि त्या मुळात ग्लुकोजवर चालतच नाहीत. त्या फॅटी ॲसिड जाळतात. उलट स्वतःच ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतात. इजा झाली की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्या, फुगून तुटतात, फॅटी ॲसिड आत घेणारं सीपीटी-१ एन्झाइम घटतं आणि न जळलेल्या चरबीचे थेंब पेशीतच साचतात. इंधन पडून आहे, भट्टी विझली आहे. वरून साखर ओतून ती पेटत नाही. शिवाय अशा आजारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे रक्तातली साखर चढते ती वेगळीच.

बी३ च्या गोळ्यांमागे अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागेल. पेशींना ऊर्जा बनवायला लागणारं आणि बी३ पासून तयार होणारं एनएडी हे द्रव्य इजा झालेल्या किडनीत कमी होतं. २०१८ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना निकोटिनामाइड (बी३ चाच एक प्रकार) दिलं होतं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेच्या सुमारास आणि इजा टाळण्यासाठी. फेल झालेल्या किडनीवर घरी घ्यायचं औषध म्हणून नव्हे. निकोटिनामाइडच्या मोठ्या डोसाने डायलिसिसच्या रुग्णांच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्याचंही दिसलंय.

‘प्रोटीन बंद’ हा सल्ला तर थेट उलटा. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की डायलिसिस टाळण्यासाठी प्रोटीन तोडू नका: डायलिसिस नसेल आणि शरीराची फार झीज होत नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ते १ ग्रॅम, डायलिसिसवर १ ते १.५ ग्रॅम. उष्मांक दर किलोमागे रोज २० ते ३० किलोकॅलरी. ते कमी पडले की स्नायू झिजतात.

लघवी होत नसताना भरपूर पाणी पाजलं तर ते फुप्फुसात साचतं आणि फळांच्या रसातल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात. पाणी किती, हे रोजचं वजन आणि लघवीचं माप बघून डॉक्टरच ठरवतील.

आणि मेसेजची शेवटची ओळ, ‘क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी बरी’. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, त्यामुळे स्नायू झिजले तरी ते खाली येतं. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घ्या.