ज्युनियर क्लबांनी स्कॉटिश फुटबॉल बुडवलं म्हणणाऱ्यांसाठी

फुटबॉलवाल्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, मला तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. म्हणणं थोडक्यात असं की पंचावन्न लाख वस्तीच्या स्कॉटलंडला ४२ लीग क्लबच जास्त होते, त्यात ज्युनियर क्लब पिरॅमिडमध्ये (म्हणजे एकाखाली एक लीगची शिडी, जिंकलं की वर, हरलं की खाली) घेतले, मग दर्जा घसरला, शंभर वर्षं जुने क्लब देशोधडीला लागले, पैसेवाल्यांनी गावातले क्लब रातोरात वर चढवले आणि ज्युनियरवाल्यांची स्वतःची परंपरा पण मेली. म्हणून वरचे क्लब कमी करा आणि खालचं दार परत लावून घ्या. मी बरीच वर्षं ग्लासगोत राहतो, शनिवारी वेळ मिळाला की खालच्या लीगच्या मॅचला जातो, आणि मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

आधी तो "ज्युनियर" शब्द, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे ज्युनियर म्हटलं की अंडर-१९ची पोरं डोळ्यासमोर येतात. इथे वयाचा काही संबंध नाही, तिशी-पस्तिशीतले दाढीवाले गडी खेळतात. १८८६ साली ज्युनियर क्लबांची वेगळी असोसिएशन निघाली, त्यांच्या वेगळ्या लीग, वेगळा कप, आणि सीनियर म्हणजे लीगवाल्या क्लबांशी कागदोपत्री काही देणंघेणं नाही. खाणीची गावं, गिरण्यांची गावं, ग्लासगोच्या कामगार वस्त्या, हे सगळं ज्युनियर फुटबॉल. मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ बघत मोठा झालो, त्यामुळे एअरशरमध्ये ऑखिनलेक आणि कमनॉक ही शेजारशेजारची दोन गावं एकमेकांसमोर कशी उभी राहतात हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि हे फुटबॉल छोटं होतं असं कुणी समजू नये. १९५१ची ज्युनियर कप फायनल, पीटर्सहिल विरुद्ध आयर्विन मेडो, ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर ७७,६५० माणूस होता. सेल्टिकचा बिली मॅकनील, १९६७ला युरोपियन कप उचलणारा कॅप्टन, तो ब्लँटायर व्हिक्टोरिया या ज्युनियर क्लबातून आला. केनी डाल्ग्लिशला सेल्टिकने सुरुवातीला तयार व्हायला पाठवलं ते कंबरनॉल्ड युनायटेडला, तोही ज्युनियरच.

आता "दर्जा घसरला" हा मुद्दा. २००७ पर्यंत ज्युनियर क्लबांना स्कॉटिश कपमध्ये खेळायलाच मिळत नव्हतं, म्हणजे तुलना करायची सोयच नव्हती. दार किलकिलं केल्यावर काय झालं ते बघा. जानेवारी २०१२, ऑखिनलेकचा ज्युनियर क्लब ऑखिनलेक टॅल्बट एडिनबरात टाइनकासल मैदानावर पहिल्या डिव्हिजनच्या हार्ट्सकडून फक्त १-० ने हरले, तेही शेवटी शेवटी गोल खाऊन, आणि त्या वर्षी कप हार्ट्सनेच जिंकला. जानेवारी २०१९, त्याच टॅल्बटने आपल्या मैदानावर एअर युनायटेडला १-० ने काढलं, एअर तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वरच्या नंबरात होते आणि टॅल्बट अजून पिरॅमिडमध्ये आलेही नव्हते. तीन-चार हजार वस्तीचं गाव आहे हो ते! मग २३ जानेवारी २०२३ ची रात्र, डार्व्हल विरुद्ध ॲबर्डीन. डार्व्हल सहाव्या पातळीवर, ॲबर्डीन पहिल्या, मध्ये अख्ख्या पाच पायऱ्या. जॉर्डन कर्कपॅट्रिकचा एक गोल आणि मॅच १-०. त्याच आठवड्यात ॲबर्डीन हिब्सकडून सहा गोल खाऊन आले आणि त्यांच्या मॅनेजरची नोकरी गेली. त्या रात्री ऑफिसमधल्या माझ्या एका ॲबर्डीनवाल्या मित्राला मी मेसेजसुद्धा केला नाही, इतकं त्याच्यासाठी वाईट वाटलं.

कोणी म्हणेल कपमध्ये एखादी मॅच कुणीही मारतं, लीगचं बोला. बोलूया. वरच्या ४२ क्लबांच्या चार डिव्हिजन आहेत, वरून खाली प्रीमियरशिप, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, आणि त्याखाली हायलँड, लोलँड अशा विभागवार लीग. पिरॅमिडमधून वर आलेले क्लब घ्या. एडिनबरा सिटी २०१६ला आले, कोव्ह रेंजर्स २०१९ला, केल्टी हार्ट्स २०२१ला. कोव्हने वर येताना बेरिकला दोन लेगमध्ये (एक मॅच घरी, एक बाहेर) मिळून ७-० ने हरवलं, पुढच्याच सीझनला लीग टू जिंकली आणि २०२२ मध्ये लीग वन जिंकून ते चॅम्पियनशिपमध्ये, हायलँड लीगमधून तिथपर्यंत तीन वर्षांत. केल्टी म्हणजे फाइफमधला जुना ज्युनियर क्लब, २०१७ला ज्युनियर सोडून पिरॅमिडमधल्या ईस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये आला, वर चढल्याच्या पहिल्याच वर्षी लीग टू जिंकली, आणि त्याच सीझनला कप होल्डर सेंट जॉन्स्टनला कपमधून बाहेर काढलं. दर्जा नसलेली टीम हे करते का? उलट प्रश्न असा विचारायला हवा की ही माणसं इतकी वर्षं बाहेर का बसवली होती. बॉनीरिग रोझ २०२२ला वर आले आणि २०२५ला परत खाली गेले हे मी लपवत नाही, पण वर येणं आणि खाली जाणं यालाच तर लीग म्हणतात.

"जुने क्लब देशोधडीला लागले", हा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात जास्त भावनेने लिहिलाय, आणि सगळ्यात जास्त चुकीचा पण हाच आहे. ईस्ट स्टर्लिंगशर घ्या. ॲलेक्स फर्ग्युसनने मॅनेजर म्हणून सुरुवात केली तो क्लब. २००३ ते २००७ ओळीने पाच वर्षं हा क्लब तळाला होता, त्यात एका सीझनला सगळे मिळून ८ पॉइंट, खेळाडूंना आठवड्याला दहा पाउंड. आणि पाचही वर्षं क्लब लीगमध्येच राहिला, कारण खाली पडायला जागाच नव्हती! याला कोणी क्लब जपणं म्हणत असेल तर मला ते मान्य नाही, तो क्लब त्या काळात रोज थोडा थोडा मरत होता. ब्रीखिन सिटी २०१७-१८ला चॅम्पियनशिपमध्ये होते, अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच जिंकले नाहीत, ४ पॉइंट. पुढच्या वर्षी अजून एक डिव्हिजन खाली, मग २०२१ला केल्टीकडून हरून लीगच्याच बाहेर. यात केल्टीने ब्रीखिनचं काय वाईट केलं? ब्रीखिनची घसरण तीन वर्षं आधीपासून चालूच होती. आणि हायलँड लीगमध्ये गेल्यावर हेच ब्रीखिन २०२३ला चॅम्पियन झाले, किती वर्षांनी तिथल्या लोकांनी आपली टीम जिंकताना बघितली असेल विचार करा.

पण याच मुद्द्यात एक खरी जखम आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याचं बोट चुकीच्या ठिकाणी पडलंय. खाली गेलेले क्लब परत वर येत नाहीत हे खरंय. ईस्ट स्टर्लिंगशर, बेरिक, ब्रीखिन, काउडनबीथ, आल्बियन रोव्हर्स, यातला एकही मला माहीत असेपर्यंत परत आलेला नाही. पण का? २०१५ला सुरू झालेली पद्धत बघा. हायलँड लीगचा चॅम्पियन आणि लोलँड लीगचा चॅम्पियन आधी एकमेकांशी दोन लेग खेळणार. त्यातला जिंकणारा मग ४२व्या नंबरच्या क्लबशी अजून दोन लेग. म्हणजे अख्खा सीझन पहिला नंबर राखून पण एक चॅम्पियन हमखास घरी जाणार, आणि जो अख्खा सीझन हरत आला त्याला स्वतःला वाचवायची एक संधी राखीव. ब्रीखिनच्या २०२३च्या टीमला हाच दरवाजा आडवा आला, लोलँड चॅम्पियन स्पार्टन्सकडून हरले आणि संपलं. २०२० तर विचारूच नका, कोविडमध्ये प्लेऑफच रद्द, केल्टी आणि ब्रोरा दोघे आपापल्या लीगचे चॅम्पियन आणि दोघांनाही काही नाही, तळाचे ब्रीखिन सुखरूप. ज्युनियर क्लबांना शिव्या घालण्यापेक्षा ऑटोमॅटिक प्रमोशन मागा ना, त्यात जुन्या क्लबांचंच भलं आहे.

पैसेवाल्यांचं. हो, पैसा आहे काही क्लबांकडे, नाकारत नाही. पण स्कॉटिश फुटबॉलमध्ये पैशाने क्लब वर चढवण्याचं आणि मग कोसळण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोणतं? ग्रेटना. सीमेवरचं छोटं गाव, २००२ला लीगमध्ये आले, ओळीने तीन प्रमोशन, २००६ला कप फायनलमध्ये हार्ट्सला पेनल्टीपर्यंत नेलं, २००७ला प्रीमियर लीग, २००८ला क्लब बंद. आणि ते लीगमध्ये कसे आले? कुठली लीग जिंकून नाही, मतदानाने. जागा रिकामी झाली, क्लब अर्ज घेऊन आले, बाकीच्यांनी हात वर केले. तेव्हा पिरॅमिड नव्हताच. म्हणजे मेसेजवाल्याला जी बंद दाराची पद्धत परत हवीये, ग्रेटना त्याच पद्धतीत घडलं.

आणि ती जागा का रिकामी झाली होती, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एअर्ड्रिओनियन्स २००२ला बुडाले. जागा ग्रेटनाला गेली. मग एअर्ड्रीवाल्यांनी काय केलं, अडचणीत असलेला क्लाइडबँक क्लब विकत घेतला, नाव बदललं, एअर्ड्रीला नेला. क्लाइडबँकच्या लोकांनी एका उन्हाळ्यात आपला क्लब गमावला, मैदानात न हरता. त्या लोकांनी २००३ला नवा क्लब उभा केला, आणि त्यांना जागा कुणी दिली? ज्युनियरनी. तिथे ते सतरा वर्षं खेळले, २०२०ला बाकी ज्युनियर क्लबांबरोबर नव्या वेस्ट ऑफ स्कॉटलंड लीगमध्ये आले, आणि २०२५ला ती जिंकून लोलँड लीगमध्ये. ज्या क्लबची लीगमधली जागा कागदावर सही करून गेली तो आता मैदानातून एक एक पायरी चढून परत चाललाय. ज्युनियर पिरॅमिडमध्ये आले नसते तर हा रस्ताच नव्हता. हे ज्याला बुडवणं वाटतं त्याने एकदा क्लाइडबँकच्या मॅचला जावं.

"४२च जास्त होते" याला मी फार वेळ देणार नाही. वरच्या ४२ मध्ये एकही ज्युनियरमुळे वाढलेला नाही, आकडा तोच आहे. लोलँड आणि हायलँड लीग आणि त्याखालचं सगळं विभागवार आहे, टे रोड ब्रिजच्या मध्यावरून रेघ मारून उत्तर-दक्षिण ठरतं, त्यामुळे प्रवासाचा खर्च उलट खाली कमी आणि वर जास्त, कारण लीग टू मध्ये दक्षिण टोकाच्या स्ट्रॅनरारला उत्तरेतल्या एल्गिनपर्यंत जावं लागतं. गर्दी झालीये म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की २०२१ला सेल्टिक आणि रेंजर्सच्या बी टीम (म्हणजे त्यांच्या तरुण पोरांच्या दुसऱ्या टीम) लोलँड लीगमध्ये बसवल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? त्यांना वर प्रमोशन नव्हतं, मग इतर क्लबांनी सीझनभर त्यांच्याशी कशाला खेळायचं? २०२३ला तर बी टीम घेऊन मधे एक नवी कॉन्फरन्स लीग घालायचा प्रस्ताव होता, खालचे सगळे क्लब आपोआप एक पायरी खाली गेले असते. खालच्या क्लबांनी आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा केला म्हणून तो मागे घेतला गेला.

राहिली परंपरा. ही गोष्ट मी गंभीरपणे घेतो कारण मलाही ती भीती होती. पण पिरॅमिडमध्ये कुणी कुणाला ओढून नेलं नाही, २०१८ला पूर्वेकडचे क्लब स्वतःहून निघाले आणि २०२०ला पश्चिमेत नवी लीग झाली तेव्हा ६७ क्लब आत आले, बहुतेक सगळे ज्युनियर. ज्युनियर कप अजून चालू आहे, टॅल्बटने १४वा कप २०२२ला जिंकला, म्हणजे पिरॅमिडमध्ये आल्यानंतर. त्रास झालाय तो वर चढायला लागणाऱ्या लायसन्सचा, फ्लडलाइट लावा, मैदान अमुक करा तमुक करा, छोट्या गावच्या कमिटीला हे पेलणं अवघड आहे आणि त्यासाठी असोसिएशनने पैसे द्यायला हवेत असं माझं ठाम मत आहे. २०२४-२५ला बॉनीरिगचे ६ पॉइंट कापले ते मैदान उतरतं आहे म्हणून, कित्येक पिढ्या त्याच उतारावर खेळल्या आणि आता तो गुन्हा झाला. यावर भांडा, मी सोबत येतो.

मागच्या हिवाळ्यात शॉलँड्सला पोलॉकच्या न्यूलँड्सफील्डवर गेलो होतो. पाऊस तिरका येत होता, शेडखाली जागा नव्हती म्हणून रेलिंगला टेकून उभा राहिलो, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात पाई (pie), म्हणजे मटण भरलेली ती छोटी गोल पेस्ट्री, वरून गरम, आतून जीभ भाजेल इतकी. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, काळा-पांढरा मफलर, पहिल्या हाफमध्ये एक शब्द बोलले नाहीत. हाफटाइमला मी विचारलं, पूर्वीचं ज्युनियर बरं होतं का? ते म्हणाले, पूर्वी लीग जिंकली की आम्ही पबमध्ये जायचो, आणि पुढच्या वर्षी परत तीच लीग, आता लीग जिंकली तर पुढे काय आहे ते बघायला मिळेल, मला तेवढं बघून जायचंय. मग टीम बाहेर आल्या आणि ते परत रेलिंगकडे वळले.