पोरांच्या हाती पैसे द्या

2025 साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास राज्यातल्या 1800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25 हजार रुपये भांडवली अनुदान द्यायचं ठरलं. आमच्या सांगलीच्या जुन्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यावरून चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, शाळांच्या गळक्या छपरांना पैसे नाहीत आणि टाळ-मृदंगाला कुठून येतात? दुसरा म्हणाला, खेड्यापाड्यातली मंडळं वर्षानुवर्षं पदरमोड करून चालली आहेत, कधीतरी त्यांच्याकडे कुणी बघितलं तर बिघडलं कुठे? मग एका मैत्रिणीनं विचारलं, हेच पैसे कलेच्या नादानं वस्तीत आपल्या वयाच्या मुलांसाठी काहीतरी करू बघणाऱ्या पंचविशीतल्या पोरांना का देत नाहीत? लगेच उत्तर आलं, ‘पोरं उडवतील.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र तिच्या प्रश्नाची बाजू घ्यायची आहे.

भजनी मंडळांचं अनुदान मला आवडलं, हे आधीच सांगते. रक्कम छोटी, थेट गटाच्या हातात, आणि गावातल्या गावात वापरायची. कलेसाठी सरकारनं पैसे देण्याचा हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे, असं इथे मँचेस्टरमध्ये इतकी वर्षं राहून माझं मत झालं आहे.

इथल्या ऑक्सफर्ड रोडवर, विद्यापीठाला लागून, कॉन्टॅक्ट नावाचं नाट्यगृह आहे. लांबून एखाद्या गढीसारखं दिसतं. माथ्यावर उंच धुराडी आहेत, पण ती धुरासाठी नाहीत. आतली गरम हवा त्यांतून आपोआप बाहेर जाते. 1972 मध्ये तरुणांचं नाट्यगृह म्हणून ते सुरू झालं आणि 1999 मध्ये नव्या रूपात उघडलं. तेव्हापासून तिथली खरी नवलाई इमारतीपेक्षा कारभारात आहे. कोणते प्रयोग लावायचे, नोकरीवर कुणाला घ्यायचं, या निर्णयांत तरुण मुलंमुली बसतात. मुलाखत द्यायला आलेल्या पन्नाशीच्या अनुभवी माणसासमोर प्रश्न विचारायला एकोणीस वर्षांची मुलगी असते आणि तिच्या मताला वजन असतं. संस्थेच्या विश्वस्तांतही तरुण असतात. त्यांच्या ‘फ्युचर फायर्स’ या उपक्रमात तरुण कलाकारांना स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या वयाच्या लोकांसाठी प्रकल्प उभा करायला पैसे आणि मार्गदर्शन मिळत आलं आहे. अशाच तऱ्हेचे लहानमोठे निधी इंग्लंडात इतरही आहेत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? माझ्या घरापासून थोड्या अंतरावर लाँगसाइट नावाचा भाग आहे. पाकिस्तानी, बांगलादेशी, सोमाली, आयरिश अशी मिश्र, कष्टकरी वस्ती. तिथल्या एका सभागृहात एक मुलगी शाळा अर्धवट सुटलेल्या, घरातून फारशा बाहेर न पडणाऱ्या मुलींसाठी कविता आणि ध्वनिमुद्रणाची कार्यशाळा चालवायची. ती स्वतः जेमतेम तेविशीची. अंदाजपत्रक तपासायला तिला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिनं ते मला दाखवलं. मोठ्या नाट्यसंस्थेच्या अंदाजपत्रकात जे कधी दिसत नाही, ते त्या कागदावर होतं. बसची तिकिटं. प्रत्येक सत्राला गरम जेवण, कारण काही जणी दुपारपासून उपाशी असतात. धाकट्या भावंडाला सोबत आणावं लागलं तर त्याला सांभाळायला एक बाई. हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, म्हणून घरी सोडायला टॅक्सी. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, तिचं स्वतःचं मानधन, तासाच्या दरानं.

हे शेवटचं मी दोनदा वाचलं. आपल्याकडे वस्तीत नाटक बसवणाऱ्या पोराला आपण शाबासकी देतो, चहा देतो, फार तर शाल-श्रीफळ देतो. त्याच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात लिहायचे, हे देणाऱ्यालाही सुचत नाही आणि मागणाऱ्यालाही संकोच वाटतो. मग ते पोर दोन वर्षं उत्साहात काढतं, घरचे विचारायला लागतात, आणि ते कुठेतरी कॉल सेंटरला किंवा डिलिव्हरीला लागतं. ज्यांच्या घरी खाऊन-पिऊन आहे तेवढेच कलेत टिकतात. रंगभूमीवर कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

परदेशातलं सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. या पद्धतीतला एक महत्त्वाचा धागा तर विलायतेचा नाहीच. रिओ दि जानेरोमध्ये मार्कुस फाउस्तिनी या नाट्यदिग्दर्शकानं 2011 च्या सुमारास झोपडपट्टीतल्या तरुणांसोबत एक पद्धत बसवली. तरुणानं आपल्या वस्तीसाठी कल्पना आणायची, महिनोन्महिने ती घासूनपुसून नीट करायची, मग जाणत्यांच्या पुढे मांडायची, आणि निवड झाली की ती चालवायला पैसे मिळायचे. गरीब म्हणून मदत करण्याचा सूर त्यात नव्हता. ‘तुझ्या डोक्यात काय आहे’ हा पहिला प्रश्न होता. कॉन्टॅक्टनं आणि लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरनं ती पद्धत ब्राझीलमधून उचलून ‘द एजन्सी’ या नावानं इथे आणली. रिओच्या वस्त्यांकडून मँचेस्टर शिकू शकतं, तर कोल्हापूर, मालेगाव, धारावीलाही शिकायला हरकत नसावी.

आणि इंग्लंडात काय बिघडलं आहे, तेही सांगायला हवं. 2010 नंतर सरकारी काटकसरीत नगरपालिकांनी तरुणांच्या सेवांवरचा खर्च जो छाटला, तो दोन तृतीयांशाहून जास्त. मोहल्ल्यातली यूथ क्लबं एकामागून एक बंद झाली. आता एखादा कला-प्रकल्प सहा महिने चालतो, मुलं जमतात, विश्वास बसतो, आणि अनुदान संपतं. पुढच्या अर्जाचा निकाल येईपर्यंत ती मुलं पांगलेली असतात. लाँगसाइटच्या त्या कार्यशाळेचंही तेच झालं. शिवाय अर्जाची भाषा अशी की ज्याला ती येते त्यालाच पैसे मिळतात. रोज भेटायला जागा आणि ओळखीचा मोठा माणूस असावा लागतो, त्याची जागा तीन महिन्यांचा प्रकल्प घेऊ शकत नाही. आपण यातलं काही घ्यायचं तर या उणिवा बघूनच घ्यावं.

आपल्याकडे तरुणांनी तरुणांसाठी कला चालवणं नवं नाही. 1944 मध्ये कम्युनिस्ट चळवळीचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं तेव्हा अण्णा भाऊ साठे चोविशीचे होते आणि अमर शेख तिशीच्या आत. गिरणगावातल्या आपल्याच बरोबरीच्या कामगारांपुढे ते गात होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानं वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्या पिढीला गावोगाव नेलं, आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखी माणसं त्याच तालमीतून पुढे आली. त्या काळी पाठीशी पक्ष होता, चळवळ होती, भाकरी देणारी घरं होती. आज तो आधार विरळ झाला आहे. तरीही ठाण्यात रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्थेनं सुरू केलेला ‘वंचितांचा रंगमंच’ बघा. लोकवस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटिका लिहितात, बसवतात, करतात. मतकरी 2020 मध्ये गेले, तरी ती मुलं थांबली नाहीत. माणसं आहेत, ऊर्मी आहे, विषय तर ढिगानं आहेत.

पैसा मात्र कुठे जातो? शिकण्यासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे: 18 ते 25 वयोगटातल्या कलाकाराला महिना 5000 रुपये, दोन वर्षं, गुरूकडे शिकायला. म्हातारपणासाठी राज्याचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, तेही 2024 पासून महिना 5000 रुपये. दोन्ही योजना हव्यातच, रकमा वाढायला हव्यात. व्यावसायिक नाटकाला प्रयोगागणिक अनुदान आहे, आणि स्पर्धा तर आपला जीव की प्राण. राज्य नाट्य स्पर्धा आहे, 1963 पासूनचा पुरुषोत्तम करंडक आहे. मी स्वतः एकांकिका स्पर्धांमध्येच वाढले. तालमीच्या त्या रात्रींनी मला जे दिलं ते कुठल्या पदवीनं दिलं नाही. पण स्पर्धेत चांगल्यातला चांगला निवडला जातो. ज्यानं कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही, त्याच्यासाठी स्पर्धेत जागा नसते. तरुण कलाकारानं त्याच्यापर्यंत पोचायचं म्हटलं, तर शिष्यवृत्ती आणि वृद्धापकाळ यांच्या मधल्या वर्षांत त्या कलाकाराच्या हाती थेट पडेल असं फारसं काही नाही.

ज्यांच्यापर्यंत या तरुण कलाकारानं पोचायचं ते त्याच्या बरोबरीचे कोण, हे डोळ्यांपुढे आणून बघा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये तासाच्या भाड्यासारखी आयुष्यं मोजत बसलेली मुलंमुली. पहाटे खुर्ची धरायची, रात्री मेसचा डबा, पूर्वपरीक्षा लांबली की घरी काय सांगायचं याची धडधड. त्यांतल्या कितीतरी जणांनी शाळेत कविता केल्या आहेत, गॅदरिंग गाजवलं आहे. त्यांच्याच वयाच्या एखाद्या नाटकवाल्यानं दर रविवारी संध्याकाळी त्यांना एकत्र आणून आपापल्या गावाच्या गोष्टी सांगायला लावल्या, त्यातून एक दीर्घांक उभा केला, तर? समुपदेशकाच्या दारात जी मुलं पाय ठेवणार नाहीत ती तिथे येतील, असा माझा विश्वास आहे. किंवा सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कंत्राटावर लागलेली पोरं घ्या. शिफ्ट सुटल्यावर रॅप लिहिणारा एखादा त्यांच्यात असतोच. त्याला एक माइक, एक खोली आणि सहा महिन्यांचं मानधन द्या.

‘उडवतील’ या आक्षेपाला माझं उत्तर सरळ आहे. ज्या वयाची पोरं गणेशोत्सवात गल्लीगल्लीतून लाखांची वर्गणी गोळा करतात, पावत्या फाडतात, मांडववाल्यापासून पोलीस परवानगीपर्यंत सगळं निभावतात, त्यांना पन्नास हजारांचा हिशेब ठेवता येणार नाही? काही ठिकाणी पैसे वाया जातील. पुलांच्या कामातही जातात, म्हणून आपण पूल बांधायचे थांबत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: सरकारचा पैसा घेतला की मिंधेपण येतं. इंग्लंडात त्यावर उपाय म्हणून सरकार आणि कलाकार यांच्या मध्ये आर्ट्स कौन्सिल आहे. कुणाला द्यायचं ते मंत्री ठरवत नाही. तीही भिंत अभेद्य नाही. 2024 च्या सुरुवातीला अनुदान घेणाऱ्या संस्थांनी राजकीय विधानं जपून करावीत, अशा अर्थाच्या सूचना आर्ट्स कौन्सिलनं काढल्या, तेव्हा कलाकारांनी मोठा आवाज केला आणि मजकुरात बदल करावा लागला. आपल्याकडे तर नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. 2016 मध्ये अमोल पालेकरांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. वस्तीतल्या सतरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या घराबद्दल लिहिलेलं पान मंजुरीसाठी पाठवायचं असेल, तर ती लिहिणारच नाही. म्हणून असा निधी द्यायचा तर मजकुरावर कसलीही अट नको, आणि निवड मंत्रालयातून नको.

मग पैसे पोचवायचे कसे? पोरांच्या गटाची नोंदणी नसते, बँक खातं नसतं. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा म्हणजे सीएसआर निधी कलेवर खर्च करायला कायद्यात जागा आहे, पण तो नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. इथे आपल्याकडे असलेली एक गोष्ट कामाला येईल. महाराष्ट्रात अकरा हजारांवर शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांना कार्यकारिणी आहे, खातं आहे, लेखापरीक्षण आहे, आणि काहींकडे तरी संध्याकाळी मोकळी पडणारी एक खोली आहे. पैसे ग्रंथालयाच्या खात्यात, निर्णय गटाचा, हिशेब दोघांच्या सहीनं. इंग्लंडात विरून जाणाऱ्या प्रकल्पांना जी कायमची जागा मिळत नाही, ती आपल्याकडे वाचनालयाच्या रूपानं तालुक्यातालुक्यात उभी आहे.

सुरुवात एका जिल्ह्यातून व्हावी, आणि नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या माझ्या सांगलीनं पुढे व्हावं. 40 गट, प्रत्येकी 50 हजार, म्हणजे 20 लाख रुपये. जिल्हा नियोजनाच्या पैशांत ही रक्कम शोधावीही लागणार नाही. अर्ज दोन पानांचा, मराठीत, आणि लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून पाठवायची मुभा. अंदाजपत्रकात चालवणाऱ्याचं मानधन लिहिणं सक्तीचं. पहिलं वर्ष नीट गेलं तर त्याच गटाला दुसऱ्या वर्षाचे पैसे नव्यानं अर्ज न करता. निवड समितीत निम्म्याहून जास्त जण पंचविशीच्या आतले असावेत, आणि त्यांनाही त्या कामाचा भत्ता मिळावा.