चीक पिळून टाका म्हणे!

वहिनी बाळंत झाली त्याच संध्याकाळी आत्यानं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'पहिल्या तीन दिवसांचं पिवळं दूध नऊ महिने साठलेलं, जंतूंनी भरलेलं असतं. पिळून टाका. तोवर मध चाटवा, गाईचं दूध पाणी घालून पाजा.' दुसऱ्या दिवशी मी पोचले तर खाटेशेजारी स्टीलची वाटी, कडेला पिवळा थेंब सुकलेला. पिळून झालं होतं!

शिळं म्हणे. गाईचा चीक मिळाला की हीच मंडळी खरवसावर तुटून पडतात, तो बरा शिळा नसतो.

आता जंतू. आईच्या दुधात थोडे जीवाणू असतात, हे मान्य. पण जंतू नुसता पोटात गेला म्हणून हगवण लागत नाही. बऱ्याच जंतूंना आधी आतड्याच्या पेशींना चिकटावं लागतं. त्या पेशींवर साखरेच्या साखळ्या असतात, त्याच ते धरतात. पायजम्याला कुसळं धरतात तसे. आईच्या दुधातल्या काही साखरा हुबेहूब त्या साखळ्यांसारख्या असतात. बाळाला त्या पचत नाहीत. जंतू त्यांनाच धरून बसतो आणि लंगोटातून बाहेर जातो. मेक्सिको सिटीतल्या ९३ माय-लेकरांच्या जोड्यांचा अभ्यास २००४ साली छापून आलाय: ज्या आयांच्या दुधात अशी एक साखर जास्त, त्यांच्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टर या जंतूची हगवण कमी. आणि या साखरा सगळ्यात जास्त असतात त्या चिकातच. वर रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वेगळीच. म्हणजे जंतूंना अडवणारंच आपण मोरीत ओततोय.

दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, एवढं मात्र खरं. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो.

गाईच्या पाणी घातलेल्या दुधाबद्दल काय बोलायचं? पाणी कुठलं, वाटी कुणी धुतली, कशी धुतली!

मधाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, ओढून प्यायची ताकद जाते, श्वासही अडकू शकतो. मध उकळून दिला तरी ते मरत नाहीत. शुद्ध, जंगलातला, घरचा, कुठलाही असो.

"आमची पोरं नाही का वाढली?" आत्या म्हणालीच. मी वाद घातला नाही, वहिनीच्या पाठीशी उशी लावली आणि बाळ अंगावर दिलं. मधाची बाटली फडताळाच्या वरच्या खणात आहे, पहिल्या वाढदिवसापर्यंत.